काचेवर ओढलेली फिल्म आणि सरकारी हप्ता

गेल्या आठवड्यात बाहेर धो धो पाऊस चालू असताना आम्ही साकीनाक्याच्या गाळ्यात यंदाची पहिली पावसाळी शीट ओढली. आम्ही पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बनवतो आणि त्याच्या टोकावरचा पातळ पडदा या शीटमधून कापतो. शीट ओढणं म्हणजे काय ते आधी सांगते. पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, ते काकवीसारखं घट्ट होतं, रात्रभर झाकून ठेवायचं म्हणजे आतले बुडबुडे निघून जातात, मग सकाळी ते काचेच्या प्लेटवर ओतायचं आणि स्टीलच्या पट्टीने, तिला डॉक्टर ब्लेड म्हणतात, एका दमात खालपर्यंत ओढायचं. हात मध्ये थांबला की तिथे आडवी रेघ उमटलीच म्हणून समजा. मग ती काच तशीच्या तशी पाण्याच्या ट्रेमध्ये सोडायची. पाणी आत शिरतं, सॉल्व्हंट बाहेर पडतं, आणि काचेसारखा दिसणारा थर डोळ्यादेखत पांढरा होत जातो आणि थोड्या वेळाने कडेपासून आपोआप सुटून वर तरंगायला लागतो. सहा वर्षं झाली हे करतेय, अजूनही त्या क्षणाला मी बोलत नाही.

त्या दिवशी मात्र काच ट्रेपर्यंत न्यायच्या आधीच फिल्म दुधाळ झाली. भिंतीवरच्या मीटरवर ह्युमिडिटी ८८ टक्के.

दर जुलैला हे होतं, तरी दर जुलैला जीव खाली जातो. मुंबईच्या हवेतच इतकं पाणी असतं की फिल्म ट्रेची वाट बघत नाही, हवेतली वाफ पिऊन तिथल्या तिथे जमायला लागते. असं हळूहळू जमलं की फिल्ममधली बारीक भोकं मोठी होतात. उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, शीट उलट जास्तच पांढरीशुभ्र, छान दिसते. पण आम्हाला तिच्यावर सिलिकॉनचा एकदम पातळ थर द्यायचा असतो आणि भोकं मोठी असली की ते सिलिकॉन वर न राहता आत झिरपतं, साच्यात इडलीचं पीठ भरावं तसं भोकात भरून बसतं, थर जाड होतो आणि मग सेन्सर आळशी होतो. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन खाली गेलाय हे जे त्याने अर्ध्या मिनिटात सांगायला हवं ते सांगायला तो तीन-तीन मिनिटं घेतो. ही साखळी, म्हणजे जुलै, वाफ, मोठी भोकं, झिरपलेलं सिलिकॉन, आळशी सेन्सर, ही समजायला आम्हाला एक अख्खा पावसाळा आणि ३७ शीट लागल्या. त्या ३७ शीटचा खर्च सरकारी ग्रँटमधून झाला. ही पोस्ट त्या ३७ शीटबद्दल आहे.

कारण हल्ली कुठे लग्नाकार्याला गेलं की कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, तुम्हाला सरकारने पैसे दिलेत म्हणे संशोधनाला, मग झालं का प्रॉडक्ट? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण उभ्या उभ्या दोन वाक्यात सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघं आहोत. मी, माझा पार्टनर जो इलेक्ट्रॉनिक्स बघतो, एक बीएस्सी झालेली मुलगी आणि एक आयटीआयचा मुलगा. शिवाय शेजारच्या गाळ्यातले लेथवाले काका, ते आमच्या पगारावर नाहीत पण प्रोबच्या बॉडीचा प्रत्येक आटा त्यांनी काढलाय. आम्ही बनवतो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, धंद्यातल्या भाषेत डीओ प्रोब. तो लागतो कुठे? कोळंबीच्या तलावात लागतो, प्रयोगशाळेत लागतो, आणि आम्ही ज्याच्या मागे आहोत तिथे म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटमध्ये. मुंबईत आता मोठ्या सोसायट्यांना आपापला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असतो, बहुतेक वेळा बेसमेंटमध्ये पार्किंगच्या मागे. तिथे टाकीत ब्लोअरने हवा सोडतात, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि ते घाण खातात. ब्लोअर कमी चालला तर जिवाणू गुदमरतात आणि अख्ख्या बिल्डिंगला वास येतो, जास्त चालला तर वीज फुकट. आणि अशा प्लांटच्या विजेतला निम्म्याच्या आसपास भाग या हवेवरच जातो. टाकीत लिटरला साधारण २ मिलिग्रॅम ऑक्सिजन ठेवायचा असतो. पण तिथे मोजतं कोण? ब्लोअर टायमरवर चालतो, दिवसरात्र, मे महिन्यात सगळी बिल्डिंग गावाला गेलेली असली तरी तेवढाच.

मोजत का नाहीत, तर बाहेरून येणारा चांगला प्रोब महाग असतो आणि स्वस्तातला प्रोब पंधरा दिवसांत शेवाळतो. म्हणजे सगळा प्रश्न येऊन अडतो त्या टोकाच्या पातळ पडद्यापाशी.

इथे जरा मागे जाते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. १९५०च्या दशकात अमेरिकेत लेलंड क्लार्क नावाचे संशोधक हृदयाच्या ऑपरेशनसाठी रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र बनवत होते. यंत्र चालत होतं, पण त्यातून निघालेल्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजता येईना. प्लॅटिनमची तार रक्तात घातली की रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसायची आणि ती बिघडायची. क्लार्कनी काय केलं, तर प्लॅटिनम आणि चांदी दोन्ही एका बंद नळीत ठेवून टोकाला पॉलिएथिलीनचा पातळ पापुद्रा ताणून बसवला. त्यातून ऑक्सिजन आत येतो, रक्त येत नाही. १९५६ साली ते छापून आलं, आणि आज सत्तर वर्षांनंतरही जगभर जे इलेक्ट्रोकेमिकल डीओ प्रोब विकले जातात त्यांचं पोट तेच आहे. पीएच मीटरचं तेच, १९०९ साली हाबर आणि क्लेमेन्सिविच यांनी जो काचेचा इलेक्ट्रोड केला त्यातला काचेचा फुगा म्हणजेसुद्धा एक पडदाच, हायड्रोजन आयनला ओळखणारा. त्यामुळे सेन्सरवाले वेगळे आणि मेम्ब्रेनवाले, म्हणजे असे पडदे बनवणारे, वेगळे असं मला कधी वाटलंच नाही. पाण्यातला सेन्सर म्हणजे नव्वद टक्के दाराशी बसलेला राखणदार, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे त्याने नीट केलं तर मागच्या इलेक्ट्रॉनिक्सला फारसं काम उरत नाही. माझ्या पार्टनरला हे वाक्य आवडत नाही, पण ते खरं आहे.

आणि या पडद्यांच्या मागे सरकारी पैसा पहिल्यापासून आहे. समुद्राचं पाणी गोडं करायला म्हणून अमेरिकेने १९५२ साली कायदा केला आणि त्यातून खारट पाण्यावर संशोधनाला पैसे द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तिथल्या राज्य सरकारनेही विद्यापीठाला पैसे दिले, आणि तिथे सिडनी लोब आणि आपल्याकडे जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी १९६०च्या आसपास सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला की ज्याला वर अगदी पातळ घट्ट कातडी आणि खाली जाळीदार गादी. पाणी जातं त्या पातळ कातडीतून, ताकद देते ती गादी. आधीच्या पडद्यांतून पाणी ठिबकायचं, यातून वाहायला लागलं. १९६५ साली कोलिंगा नावाच्या छोट्या गावात त्यावर चालणारा प्लांट उभा राहिला. काचेवर ओतायचं, थोडं थांबायचं, पाण्यात बुडवायचं, हे जे मी साकीनाक्याला करते ते मुळात त्यांचंच.

पुढची गोष्ट तर आमच्यासारख्या लहान कंपनीने भिंतीवर लावून ठेवावी अशी. मिनियापोलिसला जॉन कॅडॉट नावाचे केमिस्ट होते, ते सरकारी पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पात मेम्ब्रेनवर काम करत होते. १९७७ साली फिल्मटेक नावाची छोटीशी कंपनी निघाली, कॅडॉट तिथे गेले आणि एफटी-३० नावाचा पडदा आला. दोन रसायनं, एक पाण्यात विरघळलेलं आणि एक तेलकट द्रवात, दोघं जिथे भेटतात तिथे क्षणात पॉलिअमाइडची साय धरते, दुधावर धरते तशी, पण कितीतरी पातळ. आज तुमच्या ओट्यावरच्या आरओमध्ये जे गुंडाळलेलं मेम्ब्रेन असतं ते याच जातीचं. कंपनी १९८५ला डाऊ या मोठ्या केमिकल कंपनीने घेतली. आणि मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९९२ साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की हा शोध कॅडॉटना सुचला तो सरकारी करारावर काम करत असताना, म्हणून हक्क सरकारचा. इतकी मोठी गोष्ट, आणि निकाल कशावर लागला, तर कल्पना नक्की कुठल्या दिवशी, कोणाच्या पगारावर असताना सुचली यावर. तेव्हापासून आमच्याकडे वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि सही असते आणि खाली लिहिलेलं असतं की हा दिवस ग्रँटचा की आपल्या पैशांचा. आमच्या बीएस्सीवाल्या मुलीला सुरुवातीला हे कटकटीचं वाटायचं, आता ती मलाच आठवण करते.

आता ग्रँटबद्दल. लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे द्यायची कल्पना अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स यांनी १९७७ला लावून धरली आणि १९८२ साली त्याचा कायदा झाला, एसबीआयआर. ज्या सरकारी खात्याचं बाहेर संशोधन करून घ्यायचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे त्याने त्यातले ३.२ टक्के लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायचेच, द्यावेत की नको असा प्रश्नच नाही. तीन टप्पे. पहिल्यात कल्पना चालते का ते बघायचं, दुसऱ्यात प्रत्यक्ष बनवायचं, आणि तिसऱ्यात या योजनेचे पैसे नाहीत, तिसरा टप्पा म्हणजे विक्री. पण गंमत तिथेच आहे, पहिल्या दोन टप्प्यांतून जे निघालं ते सरकारी खातं पुन्हा टेंडर न काढता थेट त्या कंपनीकडून घेऊ शकतं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

आपल्याकडेही आहे, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. बायोटेक्नॉलॉजी खात्याने २००५ साली एसबीआयआरआय सुरू केली, नावातच साम्य आहे. २०१२ला बायरॅक ही सरकारी संस्था आली, तिची ‘बिग’ नावाची ग्रँट म्हणजे ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याची निधी-प्रयास आहे, १० लाखांपर्यंत, प्रोटोटाइप करायला. २०२१ला स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना आली, त्यात प्रोटोटाइप वगैरेसाठी २० लाखांपर्यंत. हे पैसे बहुतेक इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांच्या मार्फत येतात, पवईला आयआयटीतलं साइन नावाचं इन्क्युबेटर २००४ पासून आहे. आणि ट्रॉम्बेला बीएआरसीने तर स्वतः पॉलिसल्फोनचं मेम्ब्रेन करून, वीज न लागणाऱ्या घरगुती फिल्टरचं तंत्रज्ञान छोट्या छोट्या उद्योगांना दिलं. म्हणजे मेम्ब्रेन ही मुंबईला परकी गोष्ट नाहीये.

आम्हाला जी ग्रँट मिळाली तिचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती एका ऑफिसची आहे, योजनेची नाही.

पहिला हप्ता वेळेत आला. वेगळं बँक खातं उघडायचं, त्यावर जे व्याज मिळेल ते सरकारला परत करायचं, खर्चाचा हिशोब आणि यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने द्यायचं, हे सगळं मला मान्य आहे, लोकांचा पैसा आहे, असंच हवं. आम्ही यूसी दिलं. मग दुसऱ्या हप्त्याची वाट बघत बसलो. एक महिना, दोन महिने. मेल केलं की उत्तर यायचं फाइल पुढे गेली आहे. एकदा कळलं की फॉर्मवर एका ठिकाणी जुना फॉरमॅट वापरलाय, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं. मग ज्यांच्याकडे फाइल होती त्यांची बदली झाली. आठ महिने लागले. आठ महिने हा आकडा मोठ्या कंपनीला काहीच नाही, आम्हाला तो दोन पगार गाळ्याच्या डिपॉझिटमधून देण्याइतका मोठा होता. आयटीआयच्या मुलाने तेव्हा दुसरी नोकरी शोधली नाही, मी त्याला म्हटलं होतं की जा बाबा, मनाला लावून घेऊ नको. तो म्हणाला, "मॅडम, तेवीस नंबरची शीट चांगली आलीय, ती लावून तरी बघू." हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

आणि वाईट या गोष्टीचं वाटतं की त्या आठ महिन्यांत एक अख्खा पावसाळा गेला. पावसाळ्यात फिल्म कशी वागते हे पावसाळ्यातच कळतं. तो हप्ता जूनमध्ये आला असता तर डीह्युमिडिफायर आणि बंद पेटी तेव्हाच घेतली असती, ती घ्यायला पुढचा जून उजाडला. सरकारी वर्ष मार्चला संपतं, मेम्ब्रेनचं वर्ष जूनला सुरू होतं, हे फाइल हलवणाऱ्या माणसाला कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे. मी सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, चांगले होते बोलायला.

यूसीत कॉलम कसले असतात बघा. मंजूर रक्कम, आलेली रक्कम, व्याज, खर्च, शिल्लक. सोबतच्या रिपोर्टमध्ये माइलस्टोन पूर्ण की अपूर्ण. आमच्या ३७ शीट या कशात बसतात? मी लिहिलं होतं, ह्युमिडिटी ६० टक्क्यांच्या वर गेल्यास आमच्या मिश्रणात भोकांचा आकार हाताबाहेर जातो आणि त्याने सेन्सरचा प्रतिसाद मंदावतो, असं सिद्ध झालं. शेजारी शेरा आला, माइलस्टोन अपूर्ण. अहो, हेच तर मिळालं आम्हाला! मुंबई, चेन्नई, कोची, कुठेही समुद्रकाठी कोणी लहान शेडमध्ये अशी फिल्म ओढायला घेईल त्याला हीच ठेच लागणार, आणि त्याला आमची वही मिळाली तर त्याचा एक पावसाळा वाचेल. पण ती वही मागायची कोणाकडे, ठेवायची कुठे, याची सोय नाही. फेल झालेल्या प्रयोगांचं एक साधं भांडार असावं, प्रत्येक ग्रँटच्या शेवटी दोन पानं जमा करायची, काय केलं आणि का चाललं नाही. खर्च शून्य. माझ्या मते लहान कंपनीला दिलेल्या संशोधनाच्या पैशातून देशाला जे मिळतं त्यातलं निम्मं या दोन पानांत असतं आणि आज ते आमच्या गोदरेजच्या कपाटात पडून आहे.

आता प्रत्यक्ष पाण्यात काय झालं ते.

पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीने आम्हाला एसटीपीत प्रोब लावू दिला. तिथले ऑपरेटर दादा जालन्याकडचे, अकरा वर्षं त्याच बेसमेंटमध्ये. पहिल्या दिवशी मी त्यांना डिस्प्ले दाखवला तर म्हणाले, "ताई, टाकीत हवा बरोबर आहे का नाही ते मला दारातून आत आलो की वासावरून कळतं." मी म्हटलं मग रोज तुम्ही सांगा आणि रोज मशीन सांगेल, दोन्ही लिहू. तीन आठवडे लिहिलं. मातीसारखा वास आणि चॉकलेटी रंग असेल तर दादा "बरं" म्हणायचे, मशीन दीड ते अडीचच्या मध्ये असायचं. कुबट वास आला की दादा तोंड वाकडं करायचे आणि मशीन अर्ध्याच्या खाली. दोघांचं जुळत होतं. चौथ्या आठवड्यात दादा म्हणाले बरं आणि मशीन म्हणालं ०.४. दादांचा फोन आला, "ताई, तुमचं मशीन झोपलं."

जाऊन प्रोब वर काढला. टोकावर बुळबुळीत थर, बोटाला शेवाळासारखा लागणारा. हे दुहेरी असतं, एक म्हणजे त्या थरामुळे ऑक्सिजनला आत यायला वेळ लागतो, आणि दुसरं म्हणजे थरातले जिवाणू स्वतःच दाराशी उभं राहून ऑक्सिजन खाऊन टाकतात, मग आत पोचतो तो उरलासुरला. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याच्या नाकाशी खरंच तेवढाच ऑक्सिजन होता. हलक्या हाताने पुसला आणि आकडा पुन्हा दोनवर. तिथून मग आम्ही पडद्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरून ठेवणारा एक थर द्यायला लागलो, कारण ओलसर पृष्ठभागावर घाण तेवढी घट्ट चिकटत नाही, आणि हवेचा छोटा फवारा दिवसातून चार वेळा टोकावर मारायला लागलो. ही फवाऱ्याची कल्पना दादांची. ते म्हणाले ब्लोअरची लाइन तर शेजारूनच जातेय, तिला एक टी जॉइंट मारा ना. लेथवाल्या काकांनी दुसऱ्या दिवशी नोझल करून दिला.

नाल्याच्या पाण्यात मात्र आम्ही हरलो आणि अजून हरलेलेच आहोत. एकदा प्रोब नाल्याच्या पाण्यात लावून बघितला, आठवड्याभरात आकडे वेडेवाकडे. खोलून बघितलं तर आतली चांदीची तार काळीकुट्ट. आम्ही भांडुपला राहतो, घराच्या मागून नाला जातो, आणि सासूबाई कायम म्हणतात की इथे आल्यापासून देव्हाऱ्यातलं निरांजन पंधरा दिवस चांदीचं राहत नाही, कितीही टूथपावडरने घासा. तेच. नाल्यातल्या सडक्या पाण्यातून जो हायड्रोजन सल्फाइड निघतो तो चांदीला काळं करतो, आणि आमचा पडदा ऑक्सिजनला जसा आत सोडतो तसा त्यालाही सोडतो, सिलिकॉन तर अगदी मोकळ्या मनाने. मी ती तार सासूबाईंना दाखवली. त्यांनी निरांजनाशेजारी धरून बघितली आणि म्हणाल्या, "मग तुझ्या यंत्राला रोज घासणार कोण?" बरोबर प्रश्न आहे. प्रकाशावर चालणारे ऑप्टिकल सेन्सर असतात, त्यात चांदी नसते, ते यात टिकतात, पण त्यांच्या टोकाची टोपी ठराविक काळाने बदलावी लागते आणि आम्हाला ती अजून बाहेरूनच मागवावी लागते. नाल्यासाठी तोच रस्ता दिसतोय. त्यासाठी पुन्हा ग्रँटचा अर्ज करणार आहे, आणि त्यात काळ्या तारेचा फोटो लावणार आहे.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. पैसे मिळणं हा आमचा मोठा प्रश्न नाहीये. उशिरा का होईना, मिळाले. प्रश्न आहे पहिलं गिऱ्हाईक. एका सरकारी खात्याने आम्हाला लाखो रुपये दिले की बाबांनो असा सेन्सर करा, देशात होत नाही. आम्ही केला, एका टाकीत सहा महिने चालवून दाखवला. मग दुसऱ्या एका सरकारी ऑफिसने अशाच प्रोबचं टेंडर काढलं, त्यात अट, गेल्या तीन वर्षांत असा माल पुरवल्याचा अनुभव आणि अमुक इतकी उलाढाल. २०१७च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या खर्च-खरेदीच्या नियमांत, स्टार्टअपना अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट देता येते, हे मला पाठ आहे, मी ती प्रिंट घेऊन गेले होते. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, देता येते असं लिहिलंय, द्यावी असं नाही, आणि आमचे नियम वेगळे." त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही, उद्या प्रोब बंद पडला तर चौकशी त्यांची होणार, आमची नाही.

म्हणून अमेरिकेतल्या योजनेतला तो तिसरा टप्पा मला इतका महत्त्वाचा वाटतो. पैसे देणारा आणि विकत घेणारा यांच्यामध्ये दार हवं. आपल्याकडे संरक्षण खात्यात ते थोडंफार झालंय, २०१८ला आयडेक्स नावाची योजना आली, तिथे सैन्यदलं स्वतः सांगतात आम्हाला काय हवंय, त्यावर लहान कंपन्यांना सुरुवातीला दीड कोटीपर्यंत, आता काही कामांना त्याहून जास्तही मदत मिळते आणि पुढे खरेदीचाही मार्ग आहे. मग पाण्यासाठी का नाही? नगरपालिका, महानगरपालिका, जलप्रदूषण बघणारी माणसं, यांनी वर्षाला फक्त पाच गरजा लिहून द्याव्यात. आम्हाला नाल्यात महिनाभर टिकणारा सेन्सर हवाय. आम्हाला मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी गॅस सांगणारं, पावसात न बिघडणारं यंत्र हवंय. ज्याने ते करून दाखवलं त्याच्याकडून पहिले वीस नग घेऊ, चालले तर पुढचे दोनशे. वीस नग! आमच्यासारख्या कंपनीचं अख्खं वर्ष त्यावर उभं राहील. आणि मॅनहोलचं तर मी मनापासून म्हणतेय, त्या एका यंत्राअभावी माणसं मरतात, दर वर्षी पेपरात येतं, आणि त्याला लागणारा गॅस सेन्सर म्हणजे पुन्हा आमचाच जुना मित्र, एक इलेक्ट्रोड आणि त्याच्यापुढे एक पडदा.

अजून एक, टेस्टिंगची जागा. प्रयोगशाळेत बीकरमधल्या पाण्यात सोडियम सल्फाइट टाकून ऑक्सिजन संपवायचा आणि शून्य दाखवायचं, हे सोपं आहे. घाण पाण्यात तीन महिने ठेवायला जागा लागते, वीज लागते, कोणीतरी रोज बघणारं लागतं. सोसायटीच्या कमिटीने आम्हाला ती जागा फुकट दिली, चहा पण दिला. सेक्रेटरी काकांनी एकच अट घातली, पार्किंगमध्ये वायर आडवी यायला नको. प्रत्येक वॉर्डात एका प्लांटवर दोन नळ आणि एक सॉकेट अशा प्रयोगांसाठी राखून ठेवला तर किती मुलामुलींचं काम होईल.

असो, पावसाळी शीटकडे परत येते. दुधाळ झालेली ती शीट आम्ही फेकली नाही, तिच्यावर नंबर टाकला, ११२, आणि वहीत तारीख, ८८ टक्के आणि मुलीची सही. मग पेटी बंद केली, डीह्युमिडिफायर तासभर चालवला, आतला मीटर ४५वर आला आणि हातमोज्याच्या भोकातून हात घालून ११३ ओढली. ती ट्रेमध्ये जाईपर्यंत काचेसारखी स्वच्छ होती, मग पांढरी झाली, मग सुटून वर आली. तिच्यातून कापलेला तुकडा सोमवारी प्रोबवर चढवला, मंगळवारी दादांनी टाकीत सोडला. काल सकाळचा त्यांचा मेसेज आहे, १.९, आणि खाली लिहिलंय, मला पण बरं वाटतंय.